एका तोंडाला एकच आंबट

शकुंतलाबाईंच्या पार्लरमध्ये खुर्चीत बसलं की आधी उलटतपासणी व्हायची. रात्री तोंडाला काय लावता? दिवसा काय? घरात कुणी दही, ताक, लिंबू चोळतं का? डॉक्टरनं मलम दिलंय का? दिलं असेल तर बंद कधी केलंत? नुसत्या आयब्रो करायला आलेल्या बाईचीही यातून सुटका नव्हती. मी त्यांच्या माडीवर भाड्यानं राहत होते, तरी मलाही दर खेपेला तेच प्रश्न. एकदा मी वैतागून म्हटलं, अहो, सकाळी तुमच्याच न्हाणीत तोंड धुतलं मी, तुमच्या डोळ्यांदेखत. त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, धुतलंत माझ्यासमोर, पण लावलंत काय ते वर खोलीत लावलंत.

उत्तरं मिळाली की त्या आपला नियम ऐकवायच्या. एका तोंडाला एकच आंबट. आंबट म्हणजे लिंबू-ताकापासून तोंड उजळायच्या बाटलीतल्या आम्लापर्यंत सगळं, डॉक्टरचं मलमसुद्धा. मुरमांवरचं मलम चालू असेल तर त्या बाटलीला हात लावत नसत. मलम थांबवून आठवडा गेल्यावर या म्हणायच्या, आणि थांबवायचं तेसुद्धा डॉक्टरला विचारून. मलम नसेल तरी पहिल्या दिवशी बाटलीतला एक थेंब फक्त कानामागं. तिथली कातडी लाल झाली नाही तर दुसऱ्या दिवशी तोंडाला. त्यानंतर दोन-चार दिवस साधं पाणी, साधं क्रीम आणि डोक्यावरून पदर. लग्नघाईतल्या बायकांना हे सगळं ऐकून घ्यायला वेळ नसायचा. त्या चिडायच्या, काही उठून दुसरीकडे जायच्या. शकुंतलाबाई जाऊ द्यायच्या.

हा नियम शिकणं त्यांना फार महागात पडलं होतं. कसा, ते विट्याच्या पेठेत मोजक्याच जणांना माहीत होतं. त्यातली मी एक, आणि मला गप्प बसणं मुळीच जमत नाही, म्हणून मला तो सगळा काळ जड गेला.

शकुंतलाबाई मूळच्या साताऱ्याच्या. वडील कोर्टात बेलीफ. लग्न होऊन विट्याला आल्या त्या नावालाच, कारण नवरा नानासो गलाईवाला. आमच्या या कोरड्या पट्ट्यातली निम्मी माणसं देशभर सोनं-चांदी गाळायला पांगलेली आहेत. जुने दागिने, सराफाच्या दुकानातली धूळ, यातून भट्टीवर आणि तेजाबात, म्हणजे कडक आम्लात, सोनं वेगळं काढायचं, तेच गलाईचं काम. नानासोंचं दुकान तमिळनाडूत सेलमला होतं. पुढं भट्टी, मागं बिऱ्हाड. तेजाबाचा पिवळा धूर बिऱ्हाडात यायचा, आणि शकुंतलाबाई सांगायच्या की तिथं तांब्यापितळेची भांडीसुद्धा काळवंडायची. शेजारच्या तमिळ बाईचं पार्लर होतं. दुपारचं तिच्याकडं जाऊन बसता बसता त्या काम शिकल्या. भाषा आधी कळत नव्हती, पण हात कळत होते, असं त्या म्हणायच्या.

नानासोंची छाती धुरानं कामातून गेली. डॉक्टरनं भट्टी बंद करायला सांगितलं, तेव्हा १९९१ साली दोघं विट्याला परत आली. पोरबाळ नव्हतं. बाईंनी घराच्या पुढच्या खोलीत एका न्हाव्याची जुनी फिरती खुर्ची आणून ठेवली, मोठा आरसा लावला, आणि दारावर पाटी अडकवली. नानासो बाहेरच्या कट्ट्यावर बसून खोकायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, आतमधे आमची भट्टी चालू हाय. पेठेतल्या पुरुषांनी आधी थोडी कुजबुज केली. मग त्यांच्याच बायका मागच्या दारानं येऊ लागल्या आणि हळूहळू पुढच्या.

मी पुढच्याच वर्षी मुलींच्या हायस्कुलात बदली होऊन आले. माझं नाव ज्ञानदा, गाव वाई, विषय भूगोल. माडीवरून खालचं सगळं ऐकू यायचं, त्यामुळे भूगोलापेक्षा इतर ज्ञानच मला तिथं जास्त मिळालं.

धंदा उन्हाळ्यात तेजीत. यात्रा-जत्रांना आणि लग्नसराईला गलाईवाल्यांची कुटुंबं गावी परतत. कोण कोचीनहून, कोण कानपूरहून, कोण गुवाहाटीहून. त्यांच्या बायकांच्या पिशव्यांत त्या त्या शहरातली क्रीमं असत, आणि प्रत्येकीला वाटे की आपल्या शहराइतकं पुढारलेलं शहर नाही. त्यांच्यामुळं शकुंतलाबाईंना नवनव्या गोष्टी कळत. ९५-९६च्या सुमाराला त्यांच्या पुण्याच्या माल देणाऱ्यानं एक छोटी बाटली आणली. फळांचं आम्ल. उसातून, द्राक्षांतून काढतात म्हणाला. मला हसू आलं. आमच्याच सांगली-साताऱ्याकडचा ऊस आणि द्राक्षं बाहेर जाऊन, बाटलीत बसून, दहापट भाव लावून घरी परत आली होती. बाईंनी ती आधी स्वतःच्या मनगटावर लावून पाहिली, मग गालावर, मग माझ्या गालावर. आठवड्यातून एकदा, मिनिटभर, मग भरपूर पाणी. माझे उन्हाचे डाग थोडे फिके पडले, हे मान्य करायला हवं. उन्हाळ्याभरात त्या बाटलीचं नाव झालं.

आता अपेक्षाचं सांगते.

अपेक्षा आटपाडीच्या बाजूच्या एका गावची. आजोबांपर्यंत मेंढरं होती, बापानं विहीर पाडून डाळिंब लावलं. पोरगी आमच्याच हायस्कुलात दहावी झाली, म्हणून मला माहीत. हुशार, कामसू, आणि दोन्ही गालांवर मुरमं. लग्नाचं वय झालं तरी मुरमं जाईनात, तेव्हा बापानं कुणाला न सांगता तिला सांगलीला त्वचेच्या डॉक्टरकडं नेलं. शेजाऱ्यांना सांगितलं, हळदीच्या पेठेत काम आहे.

हे लपवणं बाहेरच्या माणसाला विचित्र वाटेल. मलाही वाटायचं. पण आमच्याकडं पोरीला कातडीच्या डॉक्टरकडं नेलं असं कुणी पाहिलं की त्याचा अर्थ एकच निघतो. कोड. मुरमांसाठी नेलं, नायट्यासाठी नेलं, यावर कुणी विश्वास ठेवत नाही. आधी पोरीच्या हातापायांकडं बघितलं जातं, मग तिच्या बहिणींच्या, मग सोयरीक परत फिरते. कोड संसर्गानं होत नाही की पापानं होत नाही, हे मी वर्गात शंभरदा सांगितलं असेल. पोरी मान हलवायच्या आणि घरी जाऊन ज्याचं त्याचं ऐकायच्या.

डॉक्टरनं अपेक्षाला रात्री लावायचं मलम दिलं. तुरीच्या दाण्याएवढंच घ्यायचं, उन्हात जायचं नाही, आणि याच्यावर दुसरं काही चोळायचं नाही. पोरीनं ती ट्यूब ज्वारीच्या कणगीत लपवली, कारण तिची आजी तानुबाई घरात होती आणि आजीच्या पोटात काही राहत नसे. दोन-तीन महिन्यांत तोंड पुष्कळ निवळलं. त्याच वेळी धनाजीचं स्थळ आलं. मुलगा कोईमतूरला गलाईच्या दुकानात, घर नेटकं, आई रंगुबाई गावात वजनदार. पसंती झाली, सुपारी फुटली, लग्नाची तारीख धरली. एकदा हे नक्की झाल्यावर अपेक्षाच्या घरी एकच धास्ती उरली, की ती ट्यूब कुणाच्या नजरेला पडू नये.

बस्त्याच्या आदल्या दिवशी तानुबाई नातीला घेऊन पार्लरमध्ये आली. बस्ता, म्हणजे दोन्ही घरची माणसं एकत्र दुकानात बसून लग्नाचे कपडे खरेदी करतात तो दिवस. सासरच्या दहा-बारा बायका नवरीला जवळून न्याहाळणार, म्हणून तोंड जरा उजळ करून द्या, असं आजीचं म्हणणं. तेव्हाही शकुंतलाबाई विचारायच्या, पण सहज, चहा घेणार का विचारतात तसं. काही लावतेस का गं? अपेक्षानं आजीकडं पाहिलं आणि नाही म्हणाली. बाईंनी बाटली उघडली. मी शेजारच्या स्टुलावर माझ्या आयब्रोची वाट बघत बसले होते. मिनिटभर लावून त्यांनी तोंड धुतलं. गाल नेहमीपेक्षा जास्त लाल झाले तेव्हा त्यांनी पुन्हा धुतलं, खोबरेल लावलं आणि म्हणाल्या, आज दुसरं काही लावू नको. पोरगी बरं म्हणाली.

घरी पोचेपर्यंत तिच्या तोंडाची आग व्हायला लागली. तानुबाईकडं आगीवर उपाय एकच, आंबट ताक. पायाला चटका बसला तरी ताक, उन्हानं डोकं चढलं तरी ताक. मेंढरांमागं हिंडलेल्या बाईला त्याशिवाय दुसरं औषध कधी मिळालंच नव्हतं, आणि तिनं मायेनंच ते नातीच्या तोंडाला थापलं. वाळेपर्यंत ठेवलं. अपेक्षाला डॉक्टरचं सांगणं आठवत होतं, पण ते आजीला सांगायचं तर ट्यूबचंही सांगावं लागलं असतं. आणि आपल्या खोलीत आल्यावर तिनं नेहमीप्रमाणं मलमही लावलं. उद्या बस्ता, आज खाडा नको, असा तिचा विचार. थोडं जास्तच लावलं.

सकाळी तोंड सुजलं होतं. गालांची साल निघाली होती, आतून ओलसर लाल कातडी दिसत होती.

बस्ता मोडता येत नाही. सकाळच्या एसटीनं दोन्ही घरची माणसं विट्यात उतरली. अपेक्षा पदर तोंडावर ओढून दुकानात बसली. साड्या उलगडल्या जात होत्या, कुणीतरी एक हिरवा शालू तिच्या खांद्यावर टाकून बघितला, आणि रंगुबाईनं रंग तोंडाला कसा दिसतो ते बघायला पदर बाजूला केला. तानुबाई रडायला लागली आणि रडता रडता तिनं पार्लरचं नाव घेतलं. रंगुबाई उठली. ती उंच, सडपातळ, हातात चांदीचे जाड गोठ घातलेली बाई. तिनं पोरीचा हात धरला आणि दहा-बारा बायका मागं घेऊन ती थेट आमच्या दारात आली. रविवार होता म्हणून मी घरी होते. आवाज ऐकून खाली आले.

शकुंतलाबाईंनी पोरीचं तोंड पाहिलं आणि कुणाला काही न बोलता तिला आत न्हाणीत नेलं. मला म्हणाल्या, माठातलं पाणी आणा. मी कळशी घेऊन गेले. त्या हळूहळू पाणी सोडत होत्या, पोरगी दात आवळून बसली होती. बाईंनी विचारलं, माझ्या औषधानं एवढं होत नाही, अजून काय लावलंस? अपेक्षानं सगळं सांगितलं. सांगली, कणगी, ताक, मलम. मग तिनं बाईंचा हात धरला.

"काकू, भाईर सांगू नका. डाक्टरचं नाव निगालं की सोयरीक मोडती. माज्या पाठीवर दोन भनी हायत."

शकुंतलाबाईंनी तिचं तोंड टिपलं, व्हॅसलीनचा पातळ थर दिला. मला वाटलं, आता त्या बाहेर जाऊन खरं सांगतील. सांगायलाच हवं होतं, असं माझं तेव्हा ठाम मत होतं. पार्लर हेच त्यांचं पोट होतं. नानासोंची औषधं त्याच खुर्चीतून येत होती. आणि चूक त्यांची नव्हती. विचारलं होतं त्यांनी, पोरीनं नाही म्हटलं होतं, मी साक्षीला होते.

बाहेर खोली बायकांनी भरली होती, दारातही उभ्या होत्या. रंगुबाईनं आरडाओरडा केला नाही. तिनं फक्त विचारलं, की ह्या पोरीच्या तोंडाला आधीपासून काही होतं का, ते मला खरं सांगा. त्या प्रश्नात सगळं होतं. दारातल्या बायका कान देऊन उभ्या होत्या.

"माझा हात चुकला, मावशी," शकुंतलाबाई म्हणाल्या. "औषध जास्त वेळ ठेवलं मी. पोरीचं तोंड चांगलं होतं. मी भाजलं."

"आदीपासनं काय न्हवतं?"

"काही नव्हतं. भाजलंय मी, तर नीटही मीच करून देईन. सांगलीला कातडीच्या डॉक्टरकडं मी स्वतः घेऊन जाते तिला."

मी न्हाणीच्या दारात कळशी घेऊन उभी होते. त्यांच्या शेवटच्या वाक्याचा अर्थ मला क्षणभरानं कळला. आता अपेक्षाला त्या डॉक्टरकडं उजळ माथ्यानं जाता येणार होतं, आणि कुणी कधी तिला तिथल्या पायरीवर पाहिलं तरी त्याला एक कारण तयार होतं. लग्नाची तारीख बदलणार नाही एवढं सांगून रंगुबाई गेली.

डॉक्टरनं सगळं बंद करायला सांगितलं. मलम, साबण, सगळं. साधं क्रीम आणि सावली. जखम भरेल, डाग राहतील, पण तेही काही महिन्यांनी जातील म्हणाला. लग्नात अपेक्षाच्या गालांवर काळसर चट्टे होते. शकुंतलाबाईंनी आधीच निरोप पाठवला होता, की नवऱ्याची उष्टी हळद नवरीच्या तोंडाला लावू नका, आत लिंबू पिळलेलं असतं. उष्टी हळद तोंडाला नाही म्हणजे काय, यावर बायकांत मोठी चर्चा झाली. शेवटी रंगुबाईनं ती आपल्या हातानं सुनेच्या हातापायांना लावली आणि विषय संपवला.

लग्न झालं. पार्लर बसलं.

गलाईच्या मुलुखात तेजाब म्हणजे काय ते शेंबड्या पोरालाही माहीत असतं. तानुबाईनं गावभर सांगितलं, बायकांनी बाजारभर, आणि महिन्याभरात शकुंतलाबाईंचं नाव तेजाबवाली पडलं. ते त्यांना फार लागलं. नानासोंची छाती तेजाबानं गेलेली, आणि आता त्यांच्या बायकोला त्याच नावानं हाक. उन्हाळ्यात गलाईवाल्यांच्या बायका आल्या त्या आमच्या दारावरून पुढं गेल्या. खुर्चीवर धूळ बसू लागली. बाईंनी एक शिलाई मशीन आणलं आणि त्या साड्यांना फॉल-पिको करू लागल्या.

मला राग यायचा. लोकांचा, तानुबाईचा आणि खरं सांगायचं तर शकुंतलाबाईंचाही. एकदा मी म्हटलं, मी सांगते चारचौघींत, तुम्ही काही बोलू नका. त्या मशीन थांबवून म्हणाल्या, "ज्ञानदाबाई, मला धंदा दुसरा करता येतो. तिला लग्न दुसरं करता येणार नाही." मग मशीन पुन्हा सुरू. मी वर जाऊन वह्या तपासत बसले, आणि त्या दिवशी मी पोरींना फार कमी मार्क दिले.

नानासोंनी या सगळ्यावर एकदाच मत दिलं. कट्ट्यावर बसून, खोकल्याच्या दोन उबळींच्या मधे. म्हणाले, सेलमला आमच्याकडं दोन बरण्या असायच्या. ह्या बरणीतलं नुसतं तेजाब सोन्याला काय करत न्हाई, त्या बरणीतलं बी काय करत न्हाई. दोन्ही एकत्र केली की सोनं साखरेगत विरघळतं. मी हे तिला आधी सांगायला पायजे हुतं, पर तोंड म्हंजे सोनं न्हवं, असं मला वाटायचं. शकुंतलाबाई आत होत्या, पण त्यांनी ते ऐकलं. एका तोंडाला एकच आंबट, हे त्यांनी त्यानंतर म्हणायला सुरुवात केली. गिऱ्हाईक नव्हतं, तरी अधूनमधून येणाऱ्या एखाद्या आयब्रोवालीला त्या सगळे प्रश्न विचारायच्या, आणि ती एखादीही घाबरून परत यायची नाही.

असं जवळजवळ वर्ष गेलं.

मग एका बाजाराच्या दिवशी, शाळेला सुट्टी होती, मी दारात भाजी निवडत बसले होते. रस्ता माणसांनी फुललेला. गर्दीतून रंगुबाई येताना दिसली. सोबत अपेक्षा, आणि मागं त्यांच्या गावच्या पाच-सहा बायका, बाजाराच्या पाट्या डोक्यावर घेतलेल्या. मला वाटलं, आता नवीन काय. अपेक्षाचे गाल स्वच्छ होते, नीट बघितलं तरच पुसट सावली दिसत होती.

रंगुबाई आत आली आणि काही न विचारता त्या फिरत्या खुर्चीत बसली. खुर्ची वळली तशी ती जरा दचकली, मग तिनं खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. जन्मात तिनं पार्लर पाहिलं नसावं. शकुंतलाबाई मशीनवरून उठल्या. गावच्या बायका दारात थांबल्या, त्यांना पाहून रस्त्यावरच्याही थांबल्या.

"माजं तोंड करून द्या," रंगुबाई म्हणाली. "ती बाटली लावा."

शकुंतलाबाईंनी सवयीनं प्रश्न सुरू केले. रात्री काय लावता? दिवसा काय? डॉक्टरचं मलम आहे का? शेवटच्या प्रश्नाला रंगुबाईनं मान जवळ आणली आणि आवाज खाली नेला. मी दारात होते म्हणून मला ऐकू आलं.

"माज्याकडं न्हाई. सुनंकडं हुतं. तिनं मला समदं सांगितलंय. मी तुमास्नी घरात बसून शिव्या देत हुतो, तवा ती मधी पडली आन म्हनली, आत्ती, हात त्येंचा न्हवता चुकला."

शकुंतलाबाईंनी अपेक्षाकडं पाहिलं. पोरगी खाली मान घालून उभी होती, पण रडत नव्हती. रंगुबाई पुढं म्हणाली, की आपल्याला आता गावात तोंड उघडून हे सांगता येत नाही, आपल्या धाकट्या लेकीचं अजून जमायचंय, आणि लोक आंधळे आहेत. मग तिनं तोंड पुढं करून डोळे मिटले. उन्हानं रापलेलं, सुरकुत्यांचं तोंड. त्याला उजळ करायला कुठल्याही बाटलीत काही नव्हतं.

शकुंतलाबाईंनी बाटली काढली. काडीला कापूस गुंडाळून एक थेंब रंगुबाईच्या कानामागं लावला, आणि बाटलीचं बूच लावलं.

"आज एवढंच, मावशी. लाल झालं नाही तर तोंडाला उद्या लावू. उद्या या."

रंगुबाईनं डोळे उघडले. ती पहिल्यांदाच चिडलेली दिसली.

"आवं, उद्या येऊन काय उपेग? उद्या बाजार न्हाई. बगायला कोन हाय?"

वर्षभरात मी शकुंतलाबाईंना कधी रडताना पाहिलं नव्हतं, तेजाबवाली म्हटलं तेव्हाही नाही. आता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्या ते पुसतही नव्हत्या. तरी त्यांनी बाटली पुन्हा उघडली नाही. नियम तो नियम. त्यांनी पदरानं तोंड पुसलं, फळीवरचा साध्या क्रीमचा डबा काढला, ज्यात आंबट काहीच नसतं, आणि रंगुबाईच्या गालांवर, कपाळावर, हनुवटीवर ते पांढरं क्रीम भरपूर लावलं. मग खुर्चीला पायानं धक्का देऊन ती आरशाकडून रस्त्याकडं फिरवली.

दार उघडंच होतं. दारात उभ्या बायकांपैकी एकीनं विचारलं, काय वो रंगुबाई, आग होती का? रंगुबाई म्हणाली, गार वाटतंय, तू बी बस मागनं.

बाजार उठेपर्यंत ती तिथंच बसून होती, पांढऱ्या तोंडानं, येणाऱ्याजाणाऱ्या ओळखीच्या प्रत्येकाला नावानं हाक मारत. नानासोंनी कट्ट्यावर सरकून गावच्या बायकांना बसायला जागा करून दिली, आणि शकुंतलाबाईंनी त्यातल्या पहिल्या बाईला प्रश्न विचारायला सुरुवात केली.